बिनचाकांची शर्यत

बी.कॉम. झालेल्या माणसानं इतिहासावर लिहू नये असा काही कायदा नाही. असता तर मी तो पाळला असता. बँकेत वीस वर्षं कारकुनी केली की नियमांची इतकी सवय लागते की, बायकोनं कोथिंबीर आणायला सांगितली तरी माणूस मनातल्या मनात दोन सह्या मागतो. इतिहासाशी माझा शेवटचा व्यवहार दहावीच्या परीक्षेत झाला. त्या पेपरात मराठे आणि मी असे दोघेही पानिपतावर एकदमच पडलो. पुढं जमा आणि नावे या दोन बाजूंनीच जगाकडे पाहत आलो, आणि ज्या गोष्टीची नोंद वहीत नाही ती घडलीच नाही, असं मानण्यापर्यंत माझी प्रगती झाली.

या समजुतीला गेल्या दिवाळीत भाच्यानं धक्का दिला.

भाचा पुण्यात कॉम्प्युटरचं इंजिनिअरिंग शिकतो. म्हणजे नेमकं काय करतो हे त्याच्या आईलाही ठाऊक नाही. पण तो असोद्याला आला की घरातले सगळे आपापले मोबाईल त्याच्यापुढं आणून ठेवतात. पूर्वी गावात डॉक्टर आला की लोक जीभ काढून उभे राहत, तसे. तर हा भाचा ओसरीवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. पडद्यावर एक मोटार सुसाट धावत होती. मोटारीला चाकं नव्हती.

"चाकं कुठंयत रे हिची?"

"मामा, ही हवेत तरंगते."

"मग खड्ड्यांचं काय?"

"खड्ड्यांच्या वरूनच जाते."

विज्ञानाबद्दल मला मनापासून आदर वाटला तो त्या क्षणी. असोदा ते जळगाव हे अंतर पाच-सहा किलोमीटरचं. पण आमच्या लहानपणी वाटेत रेल्वेचं फाटक होतं आणि ते मिटलं की किलोमीटर मोजण्यात अर्थ नसे. भुसावळकडची मालगाडी जायची, मग जळगावकडची यायची, मग कुठलीच यायची नाही. तरी फाटक आपलं मिटलेलंच. तेव्हा अशी मोटार असती तर माझे किती तास वाचले असते आणि त्या वाचलेल्या तासांत मी काहीच कसं केलं नसतं, याचा हिशेब मी करू लागलो.

"मामा, हा साधा खेळ नाही," भाचा म्हणाला. "हा पाव शतकाहून जास्त काळ हरवला होता."

खेळ हरवतो म्हणजे काय? चेंडू हरवतो, विटी हरवते, खेळणारा पोरगा अंधार पडेपर्यंत हरवतो. पण अख्खा खेळ? भाच्यानं मग तो इतिहास सांगितला. मी तो पुढं सांगतो आहे. माझ्या पद्धतीनं म्हणजे जुन्या शिलकेपासून.

ज्या कंपनीचा हा खेळ, ती निन्टेन्डो. हिचा जन्म जपानातल्या क्योतो शहरात १८८९ साली झाला. तेव्हा ती पत्ते बनवायची. हनाफुदा नावाचे, फुलांची चित्रं असलेले पत्ते. आपल्याकडे सावंतवाडीला गंजिफा रंगवतात, त्याच बिरादरीतली ही मंडळी. १८८९ साली आमच्या असोद्यात काय चाललं होतं? तर उखाजी महाजनांच्या घरी एक नऊ वर्षांची मुलगी होती, बहिणाबाई नावाची. २४ ऑगस्ट १८८० हा तिचा जन्मदिवस. तिला पुढं तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरींकडे जायचं होतं, आणि शाळेचं तोंडही न पाहता असं काही गायचं होतं की अख्ख्या महाराष्ट्रानं मान डोलवावी. या दोन नोंदी शेजारी शेजारी का मांडल्या, ते ताळेबंद जुळवताना कळेल. तूर्त त्या उचंती खात्यात टाकू.

पत्तेवाल्या कंपनीनं शंभर वर्षांत बराच पल्ला गाठला. २१ नोव्हेंबर १९९० रोजी तिनं जपानात सुपर फॅमिकॉम नावाचं, टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र आणलं. किंमत २५ हजार येन. पहिली ३ लाख यंत्रं काही तासांत संपली. यंत्राबरोबर सुरुवातीला दोनच खेळ होते. एक मारिओचा, जो सगळ्या जगाला ठाऊक आहे; आणि दुसरा हा, बिनचाकी मोटारींच्या शर्यतीचा. नाव एफ-झिरो. निर्माता शिगेरू मियामोतो, म्हणजे मारिओचाच जनक. एका बाळंतपणात दोन मुलं व्हावीत, एक कलेक्टर निघावा आणि दुसऱ्यानं शेती सांभाळावी, तसं या दोघांचं झालं.

एफ-झिरोची गोष्ट घडते इसवी सन २५६० मध्ये. चार मोटारी, चार चालक. मुख्य नायक कॅप्टन फाल्कन. हा बाउंटी हंटर, म्हणजे पैसे घेऊन फरारी माणसं धरून आणणारा. आमच्या भाषेत वसुली एजंट. दुसरा एक डॉक्टर. दवाखाना सोडून शर्यतीत उतरलेला. तिसरा सामुराई गोरो, हा दरोडेखोरांचा म्होरक्या. चौथा पिको नावाचा परग्रहवासी आणि तो दिसायला कासवासारखा. ससा-कासवाच्या गोष्टीचा निकाल जपान्यांनी किती मनावर घेतला होता पहा. वसुलीवाला, डॉक्टर, दरोडेखोर आणि कासव. कुठल्याही पतपेढीच्या संचालक मंडळात सहज बसतील अशी माणसं.

या खेळातली खरी गंमत मात्र रस्त्यात आहे. त्या काळच्या यंत्राला उंच-सखल रस्ता, त्यातली खोली वगैरे झेपत नसे. मग कारागिरांनी काय करावं? त्यांनी रस्त्याचं एक सपाट चित्र घेतलं, अंगणात सतरंजी अंथरावी तसं आडवं पसरलं आणि ती सतरंजीच मोटारीखालून फिरवली, ओढली, लहान-मोठी केली. मोटार जागच्या जागी. धावते ती जमीन. तेल्याच्या घाण्याला बैल फिरतो आणि घाणा जागेवर असतो, इथं बैल उभा आणि घाणा फिरतोय. या हिकमतीला मोड-सेव्हन असं नाव होतं. पाहणाऱ्याला वाटे आपण ताशी चारशेच्या वेगानं निघालो आहोत. चाकं का नाहीत, याबद्दल माझा एक कारकुनी तर्क आहे. चाक काढलं की ते फिरताना दाखवावं लागतं. तेवढं काम वाचलं असणार. कामं वाचवण्यातूनच जगातले बहुतेक शोध लागतात, हे मी आमच्या शाखेत रोज पाहतो.

नायकाच्या निळ्या मोटारीचा सर्वाधिक वेग ताशी ४५७ किलोमीटर. सन २५६० मध्ये! जपान्यांना इतका धीर कुठला? २१ एप्रिल २०१५ रोजी यामानाशी प्रांतात त्यांनी चुंबकाच्या जोरावर अधांतरी धावणारी खरी आगगाडी ताशी ६०३ किलोमीटरनं पळवली. म्हणजे २५६० सालचं स्वप्न ५४५ वर्षं आधीच मागं पडलं. आमच्याकडे मात्र उलट. १९९० सालची काही स्वप्नं अजून २५६० ची वाट पाहताहेत.

१९९० चा विषय निघालाच आहे तर बँकवाल्यानं एक आकडा सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या सुमारास जपानी पोरं २५ हजार येन मोजून हवेत मोटारी उडवत होती, त्या सुमारास आपल्या देशाकडे परकीय चलनाचा खडखडाट होता. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं जवळजवळ ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवलं आणि सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. जळगावच्या माणसाला सोनं गहाण टाकण्याची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. पेरणीला बियाणं, मुलीचं लग्न, विहिरीला पाणी न लागणं, या सगळ्यांच्या पावत्या सराफाकडे असतात. पण देशानं पोत गहाण टाकली हे ऐकून आमच्या गल्लीतल्या बायकांनीसुद्धा गळ्याला हात लावून पाहिला होता. अशा वर्षात सुपर फॅमिकॉम असोद्यात येणं शक्यच नव्हतं. तो आलाही नाही.

आता हरवलेल्या खेळाकडे वळतो.

जपानात सेंट गिगा नावाचं एक रेडिओ केंद्र होतं, उपग्रहावरून चालणारं. या केंद्राचं धोरण असं की, जाहिराती नाहीत, बडबड नाही. समुद्राच्या लाटांचे आवाज आणि त्यांच्या सोबतीनं वाहणारं संगीत ऐकवायचं. कार्यक्रमांचं वेळापत्रकही घड्याळावर नव्हतं, भरती-ओहोटीवर होतं! कल्पना फार सुंदर. अशा सुंदर कल्पनांची कर्जप्रकरणं आमच्याकडे येतात, तेव्हा आम्ही चहा पाजतो आणि अर्ज खालच्या खणात ठेवतो. व्हायचं तेच झालं. भरती कमी, ओहोटी फार. १९९४ साली निन्टेन्डोनं या केंद्रात भागभांडवल घातलं आणि समुद्राच्या लाटांवर व्हिडिओ गेम सोडायचं ठरवलं.

२३ एप्रिल १९९५ पासून हा उद्योग सुरू झाला. त्याचं नाव सॅटेलाव्ह्यू. सुपर फॅमिकॉमच्या बुडाशी एक यंत्र बसवायचं, घरावर उपग्रहाची थाळी लावायची, आणि मग आकाशातून खेळ घरात उतरायचे. ते साठवायला आठ मेगाबिटची एक डबी, म्हणजे आजच्या मोबाईलमधल्या एका फोटोलाही अपुरी पडेल इतकी जागा. नवीन खेळ घ्यायचा तर जुना पुसायचा. यंत्र सुरू केलं की पडद्यावर एक छोटंसं गाव दिसे. त्या गावात हिंडून, या घरात त्या घरात शिरून खेळ शोधायचे. आणि गावाच्या त्या गोष्टीचं नाव काय, तर 'नाव चोरीला गेलेल्या गावाची गोष्ट'! हे ऐकून मला उगाच आपुलकी वाटली. कारण आमच्या गावाला कुणी असोदा लिहितं, कुणी आसोदा, कुणी असोदे. आमचं नाव अजून चोरीला गेलेलं नाही, पण लोक ते हाताळत मात्र बरेच असतात.

यातले काही खेळ फारच मानी होते. त्यांच्याबरोबर निवेदकाचा आवाज आणि संगीत थेट आकाशातून येई, म्हणून ते ठरलेल्या तासालाच खेळता येत. आपलं घड्याळ पाच मिनिटं मागं असलं तर शर्यत आपल्याशिवाय सुटली. नव्या पिढीला ही गोष्ट समजावणं कठीण, पण ज्यांनी १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी आंघोळ करून, टीव्हीला हार घालून रामायण पाहिलं, त्यांना लगेच कळेल. तेव्हा राम आपल्या सवडीनं वनवासाला जात नसे, दूरदर्शनच्या वेळेला जात असे. वीज गेली तर त्या आठवड्यातली लढाई आपल्यापुरती झालीच नाही.

१९९६ च्या अखेरीस या पद्धतीनं एफ-झिरोचा नवा अवतार आकाशातून आला. 'बीएस एफ-झिरो ग्रां प्री'. नव्या मोटारी, दर आठवड्याला एक अशी शर्यतींची मालिका, आणि कानावर निवेदकाचं धावतं वर्णन. पुढं १९९७ मध्ये त्याचा दुसरा भाग आला, वेगळ्या रस्त्यांचा. जपानातल्या थोड्या घरांत, थोड्या पोरांनी, ठरलेल्या तासाला या शर्यती खेळल्या. तास संपला, खेळ संपला. दुकानात तो कधीच आला नाही. १९९९ मध्ये निन्टेन्डोनं अंग काढून घेतलं, ३० जून २००० रोजी प्रक्षेपण कायमचं थांबलं आणि ते नाव चोरीला गेलेलं गाव सगळ्या घरांसकट अंधारात बुडालं.

तुम्ही म्हणाल, बुडालं तर बुडालं. व्हिडिओ गेमच तो, काय शिलालेख आहे? मीही भाच्याला हेच म्हणालो. त्यावर त्यानं एक आकडा तोंडावर फेकला. अमेरिकेतल्या एका व्हिडिओ गेम इतिहास प्रतिष्ठाननं २०२३ साली मोजदाद केली. तिथं २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. पन्नास वर्षांच्या आतली गोष्ट, सन-तारखेसकट छापील, आणि शंभरातले तेराच उरले. आमच्या बँकेत इतकी बुडीत कर्जं निघाली असती तर चौकशी समिती बसली असती.

पण जगात हट्टी माणसं असतात. बीएस एफ-झिरोचे काही तुकडे जुन्या डब्यांत सापडले, कारण कुणीतरी त्या पुसल्या नव्हत्या. बाकीचे रस्ते मात्र कुठंच नव्हते. होतं ते एवढंच की, जपानातल्या काही घरांत खेळता खेळता कुणीतरी व्हीसीआरचं बटण दाबून ठेवलं होतं. टेपवर पडद्याचं चित्र होतं. अंधूक, मुंग्या आलेलं, मोटार वळेल तसं वळणारं. काही चाहत्यांनी त्या टेपांतलं एकेक चित्र सुटं केलं, मोटार कुठल्या कोनातून काय पाहते आहे याचा हिशेब मांडणारी साधनं संगणकावर तयार केली आणि फिरणाऱ्या सतरंजीचे तुकडे जोडत जोडत पुन्हा सबंध सतरंजी विणली. जानेवारी २०२४ मध्ये तो खेळ लोकांना पुन्हा खेळता आला. आमच्या ओसरीवर चाकांशिवाय धावत होती ती त्यातलीच मोटार.

"कुणी टेप केलं नसतं तर?" मी विचारलं.

"तर नसता उरला."

आता ती उचंती खात्यातली नोंद काढतो. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, सरपण आणताना त्या गात गेल्या आणि त्यांच्या सोपानदेवांनी व मावसभावानं जमेल तेवढं कागदावर उतरवून ठेवलं. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघालं. २०१८ मध्ये आमच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं. शाळेत न गेलेल्या बाईच्या नावानं आता पदव्या मिळतात. भाच्याच्या आईची त्यातलीच आहे. हे सगळं एका वहीमुळं. जी गाणी त्या वहीत आली नाहीत ती जात्याच्या पिठाबरोबर भाकरीत गेली, आणि खाणाऱ्यांनी खाल्ली.

इथवर लेख सरळ चालला होता आणि इथंच थांबवावा असं फार वाटतं. पण आमच्याकडे रोकड मोजून कमी भरली तर कॅशिअरला ती खिशातून भरावी लागते. म्हणून पुढचं सांगतो.

असोद्यात जन्मलेल्या प्रत्येकाला आपली आजी थोडीफार बहिणाबाई आहे असं वाटतं. माझ्या वडिलांचंही तसंच होतं. ते प्राथमिक शिक्षक. १९९२ च्या सुमारास त्यांनी टू-इन-वन घेतला आणि आजीच्या ओव्या टेप करायचं ठरवलं. तोवर गावात पिठाची गिरणी येऊन जमाना झाला होता. जातं कोठीच्या खोलीत डब्यांच्या खाली. ते दोन माणसांनी ओढून बाहेर काढलं. आजी म्हणाली, गिरणी बंद पडली का? तिला समजावलं. मग ती जात्यावर बसली, वडील आकाशवाणीचे अधिकारी असल्यासारखे समोर बसले, आईला कुकरची शिट्टी होऊ न देण्याची ताकीद मिळाली, आणि साठ मिनिटांच्या एका कॅसेटवर आजीच्या ओव्या उतरल्या. वडिलांनी वर ठसठशीत अक्षरात आजीचं नाव, गाव, तारीख घातली. फक्त एक राहिलं. कॅसेटच्या पाठीवर प्लॅस्टिकच्या दोन बारक्या खिडक्या असायच्या. त्या मोडल्या की तिच्यावर दुसरं काही टेप होत नसे. त्या मोडायच्या राहिल्या.

१९९३ च्या दिवाळीत मुंबईचा आतेभाऊ टीव्हीचा व्हिडिओ गेम घेऊन आला. अस्सल जपानी नव्हे. अस्सलाची नक्कल करणाऱ्याचीही नक्कल असावी. खेळाच्या कॅसेटवर लिहिलं होतं, 'नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव इन वन'. मी तेव्हापासूनच हिशेबी. मोजून पाहिलं तर खेळ सात निघाले, बाकी सगळी त्यांचीच पुनरावृत्ती. त्यात रोड फायटर होता, कोनामी कंपनीचा, १९८४ सालचा. लाल मोटार, अरुंद रस्ता, संपत जाणारं पेट्रोल. चाकं होती, पण आम्हाला ती उडतेय असंच वाटायचं. एकजण खेळायचा, दुसऱ्यानं काय करायचं? आतेभाऊ म्हणाला, तू कॉमेंटरी कर. कॉमेंटरी म्हटली की ती टेप व्हायला हवी. घरात हाताला एकच कॅसेट लागली.

पुढचं ऐकणाऱ्यांनी ओळखलं असेल. पण ते आम्हाला त्या दिवशी कुणी विचारलं नाही, आणि आम्ही कुणाला सांगितलं नाही.

१९९५ मध्ये आजी गेली. तेराव्याला माणसं जमली, जेवणं झाली, आणि वडिलांनी गंभीरपणे टू-इन-वन आणून मध्ये ठेवला. म्हणाले, आईचा आवाज आहे, ऐका. आत्यानं आधीच पदर डोळ्याला लावला. बटण दाबलं. क्षणभर खरखर झाली आणि माझा बारा वर्षांचा चिरका आवाज भरल्या घरात घुमला, "आणि प्रेक्षकहो, लाल मोटारनं निळ्या मोटारला उडवलेलं आहे! पेट्रोल संपत आलेलं आहे! असोद्याचा हा वीर आता काय करणार?"

असोद्याचा वीर तेव्हा कोठीच्या खोलीत, डब्यांच्या मागं, जात्याशेजारी बसला होता.

वडिलांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. ते काहीच बोलले नाहीत. टेप बंद करून आत गेले. त्या रात्री उशिरापर्यंत माजघरात दिवा होता. सकाळी मी कॅसेट पाहिली, तर पाठीवरच्या दोन्ही खिडक्या मोडलेल्या. मला त्याचा अर्थ एवढाच लागला की, चोरी झाल्यावर त्यांनी दाराला कुलूप लावलं. त्यांना विचारण्याचं धाडस मला झालं नाही, आणि २०११ साली विचारण्याची सोयही संपली. कॅसेट मी ठेवली होती, पण ऐकली कधीच नाही. आपल्या चुकीची पासबुकं माणूस सहसा भरून आणत नाही.

तर भाच्याच्या त्या मोटारीमुळं मी कपाट उघडलं. त्यानं कुठून तरी चालता टेपरेकॉर्डर पैदा केला, वायर जोडली, आणि म्हणाला, "मामा, सबंध ऐकू या. मध्ये थांबवायचं नाही."

पहिली बाजू सगळी शर्यत. मी इतका वेळ, इतकं वाईट आणि इतक्या आत्मविश्वासानं बोललो आहे की मी शाखाधिकारी कसा झालो नाही याचं नवल वाटावं. दुसरी बाजू निम्मी झाली आणि अचानक मोटारीचा आवाज थांबला. वीज गेली होती. टीव्ही बंद, खेळ बंद. पण टू-इन-वन सेलवर होता, आणि अंधारात तो बंद करायचं दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. तो ऐकत राहिला.

आणि मग आजी बोलली.

"अवं, आगपेटी कुठी ठेवली वं?" हे आईला. भांडं पडल्याचा आवाज. मग आमच्याकडे मोर्चा. "अरे पोरंहो, ते डबडं बंद करा आधी! डोये फुटतीन ना रे! जेवाले या, भाकर थंडी झाली." मी काहीतरी पुटपुटलोय. ती म्हणते आहे की भरीत केलंय, काड्यांवर भाजलेलं, आणि मुंबईच्या पोराला तिखट लागलं तर दही घ्या. कंदील लागला असावा, कारण आतेभावानं 'हुर्रे' केलंय. मग पाट ओढल्याचे आवाज, आजी भाकरी मोजते आहे, माझ्या ताटात एक जास्त टाकते आहे, मी नको म्हणतोय, ती ऐकत नाहीये. वडील कुठून तरी येऊन विचारतात, काय चाललंय, आणि ती म्हणते, काही नाही, तुझ्या पोराची मोटार बंद पडली. सगळे हसतात. असं सात-आठ मिनिटं. मग खट्ट. आणि त्याच्याही मागं, शेवटची दोन-तीन मिनिटं, आम्ही पोचू शकलो नव्हतो ती जुनी टेप: जात्याची घरघर, आणि अर्ध्यावरून सुरू झालेली एक ओवी.

त्या रात्री माजघरात दिवा का जळत होता, आणि त्या खिडक्या वडिलांनी नेमकं काय राखायला मोडल्या, हे मला तीस वर्षांनी कळलं. ओव्या तिनं जात्यावर बसवल्या म्हणून म्हटल्या होत्या. भाकर थंडी झाली, हे ती रोज म्हणायची. रोजचं कोण टेप करतो?

भाच्यानं सगळं संगणकात उतरवलं, तीन जागी ठेवलं आणि विचारलं, "मामा, फाईलला नाव काय देऊ?"

मी म्हणालो, "रोड फायटर लिही."

"आणि कंसात?"

"कंसात काही नको. आधी ते डबडं बंद कर. भाकर थंडी होतेय."